चर्मकाराच्या घरची तलवार

पडद्यावरील अथवा चित्रकथेतील एखाद्या पात्राचा पोशाख स्वहस्ते शिवावा, त्याची आयुधे स्वहस्ते घडवावीत आणि भरल्या मेळाव्यात त्या पात्राच्या रूपाने वावरावे, असा जो छंद आज कॉस्प्ले या नावाने सर्वत्र रूढ झाला आहे, त्याचे ढोबळ चरित्र आता जाणकारांना पाठ आहे. १९३९ साली न्यूयॉर्क येथील पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनास फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस ही जोडी भविष्यकाळातील वेष परिधान करून गेली आणि ते दोन्ही वेष डग्लसबाईंनी स्वतः शिवले होते. १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी यांनी एका जपानी मासिकात या छंदाला त्याचे आजचे नाव दिले. २०११ साली दिल्ली हाट येथे कॉमिक कॉन भरली आणि आपल्याकडेही त्याची वहिवाट पडली. हा भाग एवढ्यावर मिटवण्यास हरकत नाही. मला लिहावयाचे आहे ते या मंडळींच्या हातातील तलवारीविषयी; कारण तिची कुळी शोधीत गेल्यास ती लोहाराच्या भट्टीकडे वळत नाही, सुताराच्या कारखान्यातही थांबत नाही, तर थेट चर्मकाराच्या रापीपाशी येऊन पोहोचते, असा माझा दावा आहे.

या दाव्याचे बीज एका क्षुल्लक चौकशीत आहे. तलवारीसाठी लागणारे फोमचे तक्ते कोठे मिळतात, असे या छंदातील एका तरुणास विचारले असता त्याने ना रंगसाहित्याच्या दुकानाचे नाव घेतले, ना खेळण्यांच्या. चपला-जोड्यांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात जा, असे त्याने सांगितले, आणि ‘चिकटवायचे सोल्युशनही तेथेच घ्या’ असे वर पुस्तीदाखल जोडले. शस्त्राचा आणि पादत्राणाचा हा शेजार केवळ बाजारपेठेच्या सोयीचा, की त्यामागे काही रक्ताचे नाते आहे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे लागला.

प्रथम फोमची जबानी घेऊ. इथिलीन व्हिनायल अ‍ॅसिटेट, व्यवहारात ईव्हीए, हा पदार्थ ड्यू पॉन्ट कंपनीने १९६० साली बाजारात आणला. त्याचा फेस करून गोठविला असता असंख्य सूक्ष्म कप्पे तयार होतात आणि प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे बंद असल्यामुळे तो पाणी पीत नाही, दाबला तरी पुन्हा वर येतो आणि वजनाने नगण्य भरतो. हे गुण हेरले ते जोडे करणाऱ्यांनी. १९७५ च्या सुमारास ब्रुक्स या अमेरिकन कंपनीने व्हिलानोव्हा नावाच्या धावण्याच्या जोड्यात ईव्हीएचा मधला तळ बसविला आणि पुढे हा फोम जोड्यांच्या धंद्यात सर्वत्र शिरला.

आता सोल्युशन. निओप्रिन हे कृत्रिम रबर १९३० साली ड्यू पॉन्टच्याच प्रयोगशाळेत जन्मले आणि त्यापासून केलेल्या चिकट द्रवाने तळ व वरचा भाग जोडण्याची रीत पादत्राणांच्या धंद्यात पक्की झाली. या द्रवाचा स्वभाव चमत्कारिक आहे. तो दोन्ही पृष्ठांना लावावा लागतो. ओला असताना जोड बसत नाही, म्हणून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाट पाहावी लागते. आणि एकदा दोन्ही पृष्ठे भिडली की सरकवण्यास वाव राहत नाही. कोपऱ्यावरचा मोची तळ चिकटवताना जो संयम दाखवतो, तोच संयम तलवारीचे दोन थर जोडणाऱ्या मुलीला शिकावा लागतो. अमेरिकेतील छंदी मंडळी बार्ज नावाचे सिमेंट वापरतात. तेही मूळचे जोडे दुरुस्त करणाऱ्यांच्याच पेढीवरचे.

एवढ्यावरही कोणी म्हणेल की द्रव्ये उसनी घेतल्याने कूळ बदलत नाही. म्हणून कृतीची साक्ष काढतो. दहा मिलिमीटर जाडीचा फोम घेऊन पात्याचा आकार दोनदा कापतात. दोहोंच्या मध्ये पीव्हीसीची नळी अथवा लाकडी दांडी बसविण्यापुरती खोबण करतात. थर जुळल्यावर धारेच्या बाजूची कड सुरीने तिरपी तासून काढतात. फोम दिसायला मऊ असला तरी सुरीचा घात करतो. दोन-चार ओढींत पाते बोथट होते, कड फाटू लागते आणि ते पुन्हा घासून घ्यावे लागते. कातड्याची कड पातळ करताना चर्मकार रापी वारंवार दगडावर का घासतो, याचे उत्तर येथे प्रत्यक्ष हाताला मिळते. मग हीट गनची गरम हवा फिरवली की वरचे कप्पे मिटतात, पृष्ठभागावर किंचित चकाकी येते, आणि त्यावर रबरी लेप व रुपेरी रंग बसतो. मुठीसारखा अथवा शिरस्त्राणासारखा गोलाईचा भाग करावयाचा झाल्यास साच्यावर चिकटपट्टी गुंडाळतात, तीवर रेघा आखतात, रेघांवर कापून ती साल सपाट पसरतात आणि तिच्यावरून फोम कापतात. जोड्याचा नमुना काढणारा कारागीर कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, हेच करतो. सुताराच्या विद्येत या युक्तीला स्थान नाही. लाकूड तासून कमी केले जाते, ते उलगडून पसरता येत नाही.

वर्बला नावाचे जे जर्मन प्लास्टिक नक्षीकामासाठी वापरतात, सुमारे ९० अंश सेल्सियसला जे कणकेगत मऊ होते, ते करणारी र्‍हेनोफ्लेक्स कंपनी मुळात जोड्याच्या चवड्यातील आणि टाचेमागील कडक अस्तरे बनविणारी आहे, हाही पुरावा मी दफ्तरी दाखल करतो.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. पहिला दावेदार आमचा नाटकवाला. लाकडी पात्यावर बेगड चिकटवून रंगभूमीवर लढाया करण्याची परंपरा जुनी आहे आणि जपानातही बांबूच्या पात्यावर रुपेरी वर्ख चढवून ताकेमित्सु करीत आले आहेत. कोबायाशी यांच्या १९६२ च्या ‘हाराकिरी’ चित्रपटाचे सारे शोकनाट्य अशाच एका पात्याभोवती फिरते. परंतु ही तलवार माणसाच्या मापाची असते. १९८९ साली सुरू झालेल्या ‘बर्सर्क’ या चित्रकथेने आणि १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ या खेळातील क्लाउडच्या बस्टर तलवारीने ते माप मोडीत काढले. दीडशे सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि दोन जाड असे भरीव पाते धरले, तर पोलादात ते सुमारे ७० किलो भरेल; सागवानात ६ किलोच्या आसपास; फोममध्ये १ किलोच्या आत, म्हणजे लढाईतल्या खऱ्या तलवारीइतके किंवा त्याहूनही कमी. दिवसभर खांद्यावर वागवावयाचे आणि धातूचे शस्त्र आत आणण्यास मेळाव्यात मनाई, अशा स्थितीत सुताराचा दावा वजनातच बाद होतो.

दुसरा दावेदार अधिक प्रबळ आहे. १९८२ साली इंग्लंडातील पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ या नावाने जो लुटुपुटीच्या मोहिमांचा खेळ सुरू झाला, त्याच्या परंपरेत मधे दांडी, भोवती फोम, वरून लॅटेक्स अशी शस्त्रे रूढ झाली. पात्याच्या गाभ्यातील दांडी तेथून आली असावी, हे मी निःसंकोच मान्य करतो. तथापि ती शस्त्रे प्रहारासाठी आहेत. अंगाला इजा होऊ नये हा त्यांचा धर्म. कॉस्प्लेची तलवार मिरवण्यासाठी आहे. तिचा धर्म रेखीव कड, आणि कडेची विद्या रापीची. माझे अनुमान असे की फोम व्यायामशाळेच्या आणि बालवाडीच्या चटयांवाटे छंदी लोकांच्या घरात आला, आणि तो नीट कापण्या-जोडण्याची अडचण पडताच सोल्युशन, रापीची चाल व कलबुताची युक्ती ही तिन्ही त्याच्यामागोमाग आपल्या माहेरून चालत आली.

पूर्वी तलवारीच्या कारभारात लोहाराकडे पाते होते, शिकलगाराकडे धार आणि चर्मकाराकडे केवळ म्यानावरचे कातडे व कमरेचा पट्टा. आज पाते चर्मकाराकडे आले आहे आणि उरलेले दोघे बेदखल झाले आहेत, असा माझा फैसला आहे. ज्या वाचकाच्या घरी एखादा मुलगा अथवा मुलगी या उद्योगास लागली असेल, त्याने तिला प्रथम जवळच्या मोच्याकडे न्यावे, जोड काढताना तो सुरी कशी धरतो आणि सोल्युशन किती वेळ वाळू देतो ते पाहू द्यावे, त्याच्या वेळेचे पैसे त्याला द्यावेत, आणि घरी आल्यावर काम खिडकी उघडी ठेवूनच करू द्यावे. कारण सोल्युशनातील टोल्युइनची वाफ बंद खोलीत घातक ठरते.