कंपवाताचे उपचार आणि वऱ्हाड : मात्रा-नियमनाचा इतिहास

प्रस्तावना : कंपवाताचे आधुनिक वर्णन लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये केले. या व्याधीवरील उपचारांचा इतिहास सामान्यतः शोधांच्या क्रमाने मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो 'मात्रा कोणी व कोठे ठरवावी' या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिला आहे. अमरावती-अकोल्याच्या रुग्णासाठी हाच प्रश्न निर्णायक ठरतो.

औषधाची मात्रा : रुग्णाच्या मेंदूत डोपामिनची उणीव असते, हे 1960 मध्ये स्पष्ट झाले. 1967 मध्ये कॉट्झियास यांनी लेव्होडोपाची मात्रा क्रमशः वाढवून तिची उपयुक्तता दाखविली. हेच द्रव्य खाजकुहिलीच्या, म्हणजे आयुर्वेदातील कपिकच्छूच्या, बियांत असते. मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया प्रभृतींनी केलेला या वनस्पतीचा रुग्णांवरील अभ्यास 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र दीर्घ सेवनानंतर परिणामात चढउतार व अनैच्छिक हालचाली उद्भवतात आणि मात्रा बांधणे कठीण होते.

विद्युत्प्रवाहाची मात्रा : 1987 मध्ये ग्रनोब्ल येथे बेनाबिद यांनी मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड ठेवून सतत स्पंदने देण्याची पद्धत पुढे आणली. 1990च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया सुरू केली. शस्त्रक्रियेनंतर प्रवाह जुळविण्यासाठी मात्र तज्ज्ञाकडे वारंवार जावे लागते. आणि अकोल्याहून मुंबई लोहमार्गाने सुमारे 600 किलोमीटर आहे.

स्वयंनियामक उद्दीपन : 2013 मध्ये लिटल, ब्राउन प्रभृतींनी 8 रुग्णांवर निराळा प्रयोग केला. मेंदूतील बीटा लहरी वाढल्या तरच प्रवाह द्यावयाचा, असे त्याचे सूत्र होते. निम्म्याहून कमी वेळ प्रवाह देऊनही सतत उद्दीपनापेक्षा अधिक लाभ दिसला. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पद्धतीस मान्यता दिली.

निष्कर्ष : येथे मात्रेचे क्षणोक्षणीचे नियमन यंत्राकडे गेले, तरी तिच्या कमाल-किमान मर्यादा तज्ज्ञच आखतो. त्यामुळे केवळ यंत्राने अंतर मिटत नाही. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय 1984 पासून, तर अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2002 पासून कार्यरत आहे. शस्त्रक्रिया महानगरात झाली तरी नंतरचे मात्रा-नियमन अशा संस्थांत होऊ शकले, तरच या शोधाचा लाभ वऱ्हाडातील रुग्णाच्या दारी पोहोचेल.