‘हाय खाल्ली’ म्हणजे नेमकं काय? थकलेलं हृदय, खचलेलं मन

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून.

आपल्याकडे म्हणतात, “त्याने हाय खाल्ली आणि गेला.” मन खचलं, माणूस संपला. ही समजूत फक्त आपली नाही. शरीरात रक्त कसं फिरतं हे सिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वेनेही १६२८ सालच्या ग्रंथात लिहिलंय, की भीती, आशा, दुःख यांचा परिणाम थेट हृदयापर्यंत पोचतो. ठोस आकडे मात्र खूप उशिरा आले.

१९९३ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकनंतरच्या २२२ पेशंटवर सहा महिने लक्ष ठेवलं. ज्यांना डिप्रेशन होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. हृदयाचं नुकसान हिशोबात धरलं तरी फरक उरलाच.

मग प्रश्न आला हार्ट फेल्युअरचा. यात हृदय बंद पडत नाही बरं का! त्याचा पंप कमी पडतो. दम लागतो, पाय सुजतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं, की तीव्र डिप्रेशन असलेल्यांचं वर्षभरातलं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होतं. २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा पाचातल्या एका पेशंटला डिप्रेशन असल्याचं दिसलं.

असं का होत असेल? खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, मिठाचं पथ्य सोडतो, चालणं बंद करतो. शिवाय ताणाचे हार्मोन्स आणि शरीरातली सूज हृदयावरचा भार वाढवतात. आणि थकवा, झोप न लागणं, भूक मरणं ही लक्षणं दोन्ही आजारांत सारखीच, त्यामुळे डिप्रेशन पटकन ओळखू येत नाही.

आता इंजिनिअरच्या डोक्यात लगेच येणार: कारण सापडलं ना, मग फिक्स करा! तेच करून पाहिलं. २०१० मध्ये सर्ट्रालिन या गोळीची चाचणी झाली. १२ आठवड्यांनी ती आणि खोटी गोळी, दोन्ही सारख्याच ठरल्या. २०१६ मध्ये जर्मनीत ३७२ पेशंटवर एस्सिटालोप्राम वापरून पाहिलं. मृत्यू किंवा हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसतात, पण एक दुरुस्त केली की दुसरी आपोआप सुधारते असं नाही.

मग उपचार फुकट? मुळीच नाही. २०१५ च्या एका अमेरिकन चाचणीत समुपदेशनाने, म्हणजे सीबीटीने, १५८ पेशंटमध्ये डिप्रेशन खरंच कमी झालं. आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं नाही, पण हातात असलेले दिवस तरी जगण्यासारखे होतात. हे काय थोडं आहे? चालू गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

आणि ‘हाय खाल्ली’ या शब्दांकडे नीट बघा. खाणारा कोण? तोच, पेशंट. जणू मन घट्ट केलं असतं तर तो वाचला असता! आकडे असं म्हणत नाहीत. डिप्रेशन हा वेगळा आजार आहे, कमकुवतपणा नाही. त्यामुळे घरात कुणाचं हृदय थकलं असेल, तर “मनाला लावून घेऊ नका” म्हणण्याआधी “झोप लागते का? कशात मन रमतं का?” एवढं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइनही आहे, १४४१६, मोफत.

भेटू पुढच्या भागात!