भिंतीवरच्या देहाचा मागोवा

कडोलीसारख्या बेळगाव भागातल्या गावांत तालमीच्या भिंतीवर मारुतीची तसबीर आणि शेजारी एखाद्या नामांकित पैलवानाचा फोटो असायचा. आज पोरं मोबाइलमधल्या देहाशी स्वतःचा देह ताडून बघतात. हे ताडून बघणं मात्र मोबाइलनं शिकवलेलं नाही.

त्याचं मूळ युजेन सँडो या शरीरसौष्ठवपटूकडे जातं. 1897 साली त्याचं व्यायामाचं पुस्तक निघालं. 1901 मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली. आरशापुढे व्यायाम करा, असं तो सांगे आणि स्वतःच्या छायाचित्रांच्या जोरावर व्यायामाची साधनं विके. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही ती साधनं घेतली, दहा वर्षं नेटानं वापरली. 1908 साली मिरजेच्या राजेसाहेबांच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांपर्यंत त्यांनी तो नेला. त्याला विकत काही घ्यावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तालमीची रीत आणखी वेगळी. शाहू महाराजांनी 1912 साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभारलं. तिथं अंगाची किंमत कुस्तीत ठरे, पोट दिसलं म्हणून पैलवानाला कुणी हिणवत नसे. दूध-बदामाच्या खुराकामागे पहाटेच्या जोर-बैठका असत. तालीम सुटली आणि खुराक तसाच राहिला, की अंग सुटतं, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय.

आता घरोघरी नेमकं तेच चाललंय. कष्ट सुटले, खाणं वाढलं. देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत वजन जास्त असलेल्यांचं प्रमाण 2005-06 मध्ये 12.6 टक्के होतं, 2019-21 मध्ये ते 24 टक्के झालं. मोबाइलच्या एकाच पडद्यावर सपाट पोट दिसतं आणि लगेच तळलेल्या पाकिटांची जाहिरात. पडद्यावरचे देह काय करू शकतात, ते फिजीत दिसलं. फिजी बेटांवरच्या एका भागात 1995 साली टीव्ही आला. तीनच वर्षांत तिथल्या शाळकरी मुलींपैकी 11.3 टक्के मुली वजन उतरवण्यासाठी उलट्या काढत असल्याचं आढळलं. आधी अशी एकही नव्हती.

लाजवून वजन उतरत नाही, पोरी फक्त चोरून जेवायला लागतात. कडोलीत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. पुढच्या संमेलनात एक सत्र या विषयाला द्यावं आणि त्यात शाळकरी मुलामुलींनाच बोलू द्यावं, अशी माझी संयोजकांना कळकळीची विनंती आहे.