स्वाध्याय, मानवी जीवशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राचे (बुलढाणा जिल्हा)

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी मानवी शरीर व सूक्ष्मजीव यांविषयी वर्गात, प्रयोगशाळेत किंवा गावशिवारात करून, लिहून द्यावयाचे काम. विद्यार्थी त्याला असाइनमेंट म्हणतात. प्रयोगांची नोंद असते ते जर्नल. त्यावर सरांची सही आणि विभागाचा शिक्का पडला, की जर्नल ‘सर्टिफाय’ झाले. राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकात ‘सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख’ हे प्रकरण आहे. बारावीच्या जीवशास्त्रात लेखी परीक्षेला ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. पदवीच्या पातळीवर जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या (स्थापना १ मे १९८३) कक्षेत येतात. खामगावचे गो. से., बुलढाण्याचे जिजामाता आणि चिखलीचे श्री शिवाजी ही त्यांतील परिचित नावे.

या स्वाध्यायांचे जुने दुखणे म्हणजे उतरवून काढणे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला अकरावीत बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजी पुस्तक मिळते. समजलेले त्याला लिहिता येत नाही आणि लिहिलेले समजलेले नसते. मग मागच्या वर्षीच्या जर्नलवरून आकृत्यांसकट निरीक्षणेही उतरतात. निष्कर्ष आधी ठाऊक असेल, तर निरीक्षणाला अर्थ उरत नाही. यावर खरा उपाय एकच. ज्याचे उत्तर कोणत्याही जुन्या वहीत सापडणार नाही, असा प्रश्न द्यायचा. असे प्रश्न पुरवण्यात बुलढाणा जिल्हा फार संपन्न आहे.

मानवी जीवशास्त्रातील नेहमीचे प्रयोग म्हणजे रक्तगट, रक्त गोठण्याचा काळ, नाडीचे ठोके आणि साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन. साहलीच्या नळीत एन/१० हायड्रोक्लोरिक आम्लावर पिपेटने २० मायक्रोलिटर रक्त सोडतात. रंग तपकिरी होऊ लागतो, पण तो पुरता यायला सुमारे दहा मिनिटे लागतात. घाईने पाणी घालून रंग जुळवला, तर आकडा कमी भरतो आणि धडधाकट मुलगी कागदावर रक्तक्षयी ठरते. प्रत्येकासाठी नवी लॅन्सेट, वापरलेली लगेच वेगळ्या डब्यात, हा नियम पाळता येत नसेल त्या वर्गाने हा प्रयोग करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्रातील प्राणी-विच्छेदनाला मनाई केल्यानंतर बेडकाची जागा तक्ते, प्रतिकृती व संगणकाने घेतली. त्यामुळे माणसावर करता येणाऱ्या साध्या, निरुपद्रवी मोजमापांचे मोल वाढले आहे. विदर्भातील काही समाजांत सिकलसेल आढळतो. त्यामुळे वंशावळीचा स्वाध्याय देताना कुटुंबाची नावे वहीत न लिहिता खुणा वापराव्यात.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला लोणारसारखे दुसरे ठिकाण मिळणे कठीण. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात हे सरोवर आहे. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते आणि सोडियम कार्बोनेट मागे साचत राहते, म्हणून पाण्याचा पीएच १० च्या आसपास असतो. अशा पाण्यात काही जगेल असे वाटत नाही, पण एरवीचा हिरवा रंग आर्थ्रोस्पायरासारख्या नील-हरित जिवाणूंचा आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य असल्याचे सांगितले. हैदराबादच्या सीसीएमबीतील (पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) शास्त्रज्ञांनी येथून शोधलेल्या एका जिवाणूचे नावच ‘सिसेम्बिया लोनारेन्सिस’ आहे.

लोणारवर देता येण्याजोगा सर्वांत चांगला स्वाध्याय तुलनेचा. विवराच्या कडेला ‘धार’ या झऱ्याचे गोडे पाणी पडते आणि खाली तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी आहे. दोन्ही नमुने साध्या न्यूट्रिएंट अगारवर आणि कार्बोनेट घातलेल्या माध्यमावर लावले, की कोणते जीव कुठे वाढतात ते ताटलीत दिसते. कार्बोनेट ग्लुकोजसोबत ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये, माध्यम तपकिरी पडते. ते वेगळे निर्जंतुक करून मग मिसळावे. ग्रॅम रंजन (हान्स क्रिश्चन ग्रॅम, १८८४) करताना आणखी एक गोष्ट हाती लागते. लवणप्रिय आर्कियांचा लेप नेहमीप्रमाणे साध्या पाण्याने धुतला, तर पेशी फुटतात आणि काचपट्टी रिकामी दिसते. दुसो या संशोधकाने १९५५ मध्ये सुचवल्याप्रमाणे २ टक्के ॲसेटिक आम्लाने लेप आधी पक्का करावा लागतो. असे दोन-तीन अपयशी लेप पाहिलेला विद्यार्थी पेशीपटल आणि परासरण हे शब्द पुन्हा पाठ करत नाही. लोणार २००० पासून अभयारण्य आणि २०२० पासून रामसर स्थळ आहे. वन विभागाच्या परवानगीशिवाय तेथून पाणी किंवा गाळ आणू नये.

शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हा आधी पाणी आणि बुरशीचा संसर्ग यांवर संशय गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरील उपचारांसाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नंतर रेशनच्या गव्हातील जास्त सेलेनियमकडे बोट दाखवले. सेलेनियम शरीरात जास्त झाले की केस व नखे झडतात, हे आधीपासून माहीत आहे. वर्गासाठी हा प्रसंग अमूल्य आहे, कारण इथे सूक्ष्मजीवशास्त्र आणि मानवी जीवशास्त्र एकाच प्रश्नावर समोरासमोर येतात. बुरशी असती तर टाळूच्या खरवडीत, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात तंतू दिसले असते. सेलेनियमचा परिणाम असेल तर रक्त, केस आणि धान्य तपासावे लागते. कोणती शंका कोणत्या पुराव्याने मोडेल, एवढेच विद्यार्थ्यांनी लिहावे. निकाल त्यांनी लावायचा नाही.

जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत खारपाण पट्टा आहे. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी क्षारांनी जड असते आणि मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार गावोगाव ऐकू येते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २०००. इ. कोलाय मात्र १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. विद्यार्थी हातातल्या टीडीएस मीटरवर विसंबतात, पण मीटरला जंतू दिसत नाहीत. त्यासाठी एमपीएन चाचणी करतात. मॅकॉन्की ब्रॉथच्या नळ्यांत उलटी ठेवलेली छोटी डरहॅम नळी असते आणि तिच्यात वायूचा बुडबुडा जमला, तर कोलिफॉर्मचा संशय. पाणी घालण्यापूर्वीच डरहॅममध्ये हवा अडकली नाही ना, हे न पाहिल्याने कित्येक निकाल वाया जातात.

इन्क्युबेटर नसलेल्या शाळेसाठी सोपी वाट आहे ती एच२एस पट्टीची बाटली. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य व राव यांनी १९८२ मध्ये मांडली. लोहयुक्त पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. दूषित असेल तर लोह सल्फाइड तयार होऊन दोन दिवसांत बाटली काळी पडते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान बहुधा पुरेसे असते. जमिनीतल्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल, तर बाटली भरताक्षणीच काळवंडते. तो निकाल धरू नये आणि एमपीएनने पडताळावे. शिक्षकांनी हा स्वाध्याय पावसाळ्याच्या तोंडावर द्यावा, प्रत्येकाने आपल्या गावच्या विहिरीचे पाणी आणावे. बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडली, तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि आरोग्य सेवकाला कळवून विहिरीत टीसीएल पावडर टाकायला सांगावे. जर्नल त्यानंतर लिहिले तरी चालेल.