कामाच्या पार्श्वभूमीचा आवाज : कारखान्यातील संगीतापासून हेडफोनपर्यंत

प्रस्तावना

परीक्षा जवळ आली की वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर तीन प्रकारचे विद्यार्थी दिसतात. एकाला गाणी लावल्याशिवाय अभ्यास सुचत नाही, दुसरा मोबाइलवर पावसाचा आवाज लावतो आणि तिसऱ्याला घड्याळाची टिकटिकही खपत नाही. तिघेही ‘यामुळे माझे लक्ष लागते’ असेच सांगतात. या सवयींना मोठा इतिहास आहे. त्यात दोन हेतू आढळतात : कंटाळा घालवणे आणि नको असलेला आवाज झाकणे. हे हेतू वेगवेगळे आहेत, पण आज ते एकाच हेडफोनमधून येत असल्यामुळे त्यांची गल्लत होते.

१. शांततेचा शोध

एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये घोडागाड्या, फेरीवाले आणि रस्त्यावर वाद्ये वाजवणारे यांचा गलबला मोठा होता. इतिहासकार टॉमस कार्लाइल याने १८५३ मध्ये चेल्सी येथील आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर ध्वनिरोधक अभ्यासिका बांधायला घेतली. खर्च बराच झाला, पण खोली अपेक्षेप्रमाणे शांत झाली नाही. संगणकाचा आद्य प्रवर्तक चार्ल्स बॅबेज याने रस्त्यावरील वादकांविरुद्ध मोहीमच चालवली. १८६४ मध्ये ब्रिटिश संसदेने या वादकांना आवर घालणारा कायदा केला. बौद्धिक काम करणाऱ्याला शांतता हवी आणि ती भिंतीने किंवा कायद्याने मिळवावी, अशी ही भूमिका होती.

२. कारखान्यातील संगीत

हातांच्या कामाची परंपरा याच्या उलट होती. जात्यावरच्या ओव्या असोत की शिडाच्या जहाजावरील खलाशांची गाणी, काम करणारा स्वतः गात असे आणि गाण्याची लय कामाच्या लयीला धरून चाले. कारखान्यात ही लय यंत्राच्या हाती गेली. तेच ते काम तासन्‌तास करताना शरीरापेक्षा मन आधी थकते, हे लक्षात आल्यावर त्याचा अभ्यास सुरू झाला. ब्रिटनच्या औद्योगिक आरोग्य संशोधन मंडळासाठी वायट आणि लँग्डन यांनी केलेला पुनरावृत्तीच्या कामातील थकवा व कंटाळा यांवरचा अहवाल १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. काम चालू असताना संगीत वाजवल्यास उत्पादन वाढते, असे त्यांना आढळले.

तीन वर्षांनी युद्धाच्या काळात हा विचार देशव्यापी झाला. २३ जून १९४० रोजी बीबीसीने कारखान्यांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. तो दिवसातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास लागे आणि १९६७ पर्यंत चालला. त्याचे नियम बोलके आहेत. चाली ओळखीच्या हव्यात, लय एकसारखी हवी, संथ आणि गुंगी आणणारे संगीत नको. कामगार हत्यारे ठोकून ताल धरतील असे गाणेही नको. संगीताने हात चालते ठेवावेत, पण लक्ष स्वतःकडे ओढू नये, अशी ही अपेक्षा होती.

अमेरिकेत सैन्यातील अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर याने तारेवरून संगीत पोहोचवण्याची कल्पना पुढे आणली. त्यातून १९३४ मध्ये ‘म्युझॅक’ हे नाव आले. पुढे या कंपनीने पंधरा मिनिटे क्रमाक्रमाने उत्साह वाढवणारे संगीत आणि नंतर पंधरा मिनिटे शांतता अशी पद्धत बसवली. काय ऐकायचे हे येथे कामगार ठरवत नव्हता. ते व्यवस्थापन ठरवत होते आणि त्याचे मोजमाप उत्पादन हे होते.

३. झाकणारा आवाज

दुसरा प्रवाह ध्वनिशास्त्रातून आला. एक आवाज चालू असताना दुसरा, त्याच वारंवारतेच्या आसपासचा, मंद आवाज ऐकू येत नाही. याला आच्छादन म्हणता येईल. पंखा चालू असला की शेजारच्या खोलीतील कुजबुज कळत नाही, ते यामुळेच. पाऊस, धबधबा, समुद्राची गाज यांत अनेक वारंवारता एकत्र असतात, म्हणून ते आवाज चांगले झाकतात. शिवाय त्यांत अर्थ नसतो, त्यामुळे मन त्यांच्यामागे जात नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतील अर्व्हिंग टायबेल याने ‘एन्व्हायरन्मेंट्स’ ही ध्वनिमुद्रिकांची मालिका सुरू केली. तिच्या पहिल्या तबकडीवर समुद्रकिनाऱ्याचा आवाज होता. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि कामाच्या वेळी काय ऐकायचे ही निवड ऐकणाऱ्याच्या हातात आली.

४. प्रयोगांचे निष्कर्ष

१९७६ मध्ये कॉल आणि वेल्श यांनी दाखवले की अक्षरांचा क्रम लक्षात ठेवताना मागे कुणी बोलत असेल तर चुका वाढतात. ते बोलणे ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत असले तरीही असे होते. १९८९ मध्ये सालामे आणि बॅडली यांना असे आढळले की अशा कामात केवळ वाद्यसंगीतापेक्षा गायन अधिक अडथळा आणते. वाचताना आपण शब्द मनात उच्चारून धरून ठेवतो. बाहेरचे शब्द नेमके तेथेच घुसतात.

२०१२ मध्ये मेहता, झू आणि चीमा यांनी ५०, ७० आणि ८५ डेसिबल पातळीच्या पार्श्वध्वनींची तुलना केली. नव्या कल्पना सुचवण्याच्या कामात ७० डेसिबलला निकाल चांगले आले, ८५ ला ते घसरले. येथे डेसिबल ही लॉगॅरिदमिक मोजणी आहे हे विसरू नये. ७० वरून ८५ म्हणजे ध्वनीची तीव्रता सुमारे ३२ पट होते. तसेच हा निष्कर्ष कल्पना सुचण्याबद्दल आहे, पाठांतराबद्दल नाही.

समारोप

कारखान्यातील संगीत हे जागे ठेवण्याचे साधन होते. ज्या कामात हात गुंतलेले आणि मन रिकामे असते, त्या कामासाठी ते घडले. प्रयोगवहीतील आलेख स्वच्छ उतरवताना किंवा एकाच साच्याची वीस उदाहरणे सोडवताना गाणी उपयोगी पडतील. नवा सिद्धान्त समजून घेताना मात्र मन रिकामे नसते, तेथे तेच गाणे आड येते. तेव्हा शांतता बरी. ती मिळत नसेल आणि खोलीत गप्पा चालू असतील, तर मंद, शब्दरहित, एकसुरी आवाज बरा. म्हणून हेडफोन लावण्यापूर्वी ‘मला काय आवडते’ याच्या आधी ‘हे काम कोणत्या प्रकारचे आहे’ हा प्रश्न विचारावा.

स्वाध्याय

१. बीबीसीच्या कार्यक्रमाचे नियम आणि आच्छादनाचे तत्त्व यांतील साम्य व फरक सांगा.
२. ओव्या गाणारी स्त्री आणि म्युझॅक ऐकणारा कामगार यांच्यात आवाजावरील अधिकाराच्या दृष्टीने काय फरक आहे?
३. आपल्या एका दिवसातील अभ्यासाच्या कामांची यादी करा आणि प्रत्येकासाठी योग्य पार्श्वध्वनी कारणासह लिहा.