सांचीच्या घोड्याची रिकामी पाठ

रेषा, आकार, रंग, पोत आणि अवकाश ही दृश्यकलेची मूलद्रव्ये आपल्या मुलांना शाळेत शिकवली जातात. पहिली चार बोटाने दाखवता येतात. अवकाश समजावताना मात्र आपण अडखळतो. त्यासाठी सांचीच्या महास्तूपाचे पूर्व तोरण दाखवावे, असे आम्ही सुचवतो. युरोपातील कुटुंबांना तर भारतापर्यंतही जावे लागत नाही. ह्या तोरणाची दगडी प्रतिकृती २०२२ पासून बर्लिनच्या हुम्बोल्ट फोरमसमोर उभी आहे.

इसवी सनाच्या आरंभाच्या सुमाराचे हे तोरण. त्याच्या मधल्या आडव्या तुळईवर महाभिनिष्क्रमण कोरले आहे. डावीकडे कपिलवस्तू : तटबंदी, सज्जे, माणसांची दाटी. वेशीतून कंथक बाहेर पडतो. त्याच्या पाठीवर कोणीही नाही, परंतु पाठीच्या वर छत्र धरलेले आहे. तोच घोडा आणि तेच छत्र पुन्हा पुन्हा कोरत शिल्पकाराने एका दगडात सारा प्रवास मांडला आहे. उजव्या टोकाला दोन पाऊलखुणा आहेत आणि त्यांच्यापुढे छन्न नतमस्तक झाला आहे. मग कंथक माघारी वळतो, तेव्हा त्याच्यावर छत्र नसते. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा पाठ मोकळीच; पण पहिल्या मोकळ्या जागेत सिद्धार्थ आहे आणि दुसरीत नाही, हे एवढ्या एका छत्राने कळते. भोवती इतकी गर्दी कोरली नसती, तर ती जागा नजरेत भरलीही नसती.

तथागतांची मूर्ती तेव्हा का कोरली नाही, ह्यावर विद्वानांचे एकमत नाही. अशा अनेक शिल्पांत तीर्थस्थळांची पूजा दाखवलेली आहे, असे सुसान हंटिंग्टन मानतात. ह्या घोड्याला तो खुलासा पुरा पडतो, असे आम्हांस वाटत नाही.

प्रश्न आणखी एक आहे. घोड्याचे खूर देवांनी हातांवर तोलले आहेत, म्हणजे शिल्पात परंपरेतील गुप्त गृहत्यागच आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात ती कथा बाजूस सारली. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेला तंटा हे त्यांनी कारण मांडले. त्यांचा सिद्धार्थ आईवडिलांना आणि यशोधरेला सांगून निघतो. मुलांना तोरण दाखवताना हा भेद झाकू नये. कथा न स्वीकारताही तिचे शिल्प डोळसपणे पाहता येते.

हे कोरणारे हात कोणाचे? पूर्व तोरणाबद्दल ठाम सांगता येत नाही, पण दक्षिण तोरण बोलते. त्याच्या एका खांबावर लेख आहे की, विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी, हे 'रूपकम्म' केले. हस्तिदंतावर सरावलेला हात दगडावर आला, की इंचाइंचात माणसे कशी मावतात, ते तेथे दिसते. वरच्या तुळईवर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, ह्याचे दान नोंदलेले आहे. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे. पण येथे दाता म्हणून राजा नाही, कारागीर आहे. कठड्यांवरील शेकडो दानलेखांतही भिक्खू-भिक्खुनींच्या जोडीला विणकर भेटतो. राबणाऱ्याचे नाव दगडावर राहू शकले, अशी ही व्यवस्था होती.

बर्लिनला आहे ते पूर्व तोरण. हे लेख वाचायला सांचीलाच जावे लागेल.