मावशीची तीन बोटं

परवा धुळ्याला मावशीने माझं डिजिटल बीपी मशीन बाजूला सारलं अन् बाबांच्या मनगटावर तीन बोटं टेकवली. जळगावच्या सरकारी दवाखान्यात तिने ३० वर्षं नर्सिंग केलं. (मी इंजिनिअर, मला आकडा दिसला की पुरे!)

या बोटांना इतिहास आहे बरं का. १८९६ साली इटलीत रिव्हा-रोच्चीने दंडाला पट्टा बांधला, तेव्हा नाडी बोटांनीच बघायची. मिळायचा फक्त वरचा आकडा. खालचा आला १९०५ मध्ये, रशियन डॉक्टर कोरोत्कोव्हने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावल्यावर. तरी नर्सेसना अजून आधी नाडी चाचपायला शिकवतात. कारण ठोक्यांचे आवाज कधी कधी मधेच गायब होतात, आणि वरचा आकडा चुकून कमी धरला जातो.

मशीनने १२८/८२ दाखवलं होतं. मावशी पूर्ण मिनिटभर मोजत राहिली.

"दाजी, ठोका चुकतोय. उद्याच ईसीजी काढा."